राणीच्या वर्षाचे मार्क

इदालीना सिमासशी वाद घालून जिंकलेला माणूस हिल्मारमध्ये अजून कुणी पाहिलेला नाही. गाव लहान, माणसांपेक्षा गायी जास्त, त्यामुळे कुणी जिंकला असता तर ती बातमी संध्याकाळच्या धारांच्या आत सगळ्या गोठ्यांत पोचली असती. चीजच्या कारखान्याच्या फाटकावरचा रखवालदार, कालव्याचं पाणी सोडणारा अधिकारी, चर्चमध्ये पुढच्या बाकासाठी धावणाऱ्या तिच्या दोन चुलतबहिणी, या सगळ्यांनी आपापल्या वेळी हात टेकले होते. ती आवाज कधी चढवायची नाही. "थांबा, आधी मला नीट समजू द्या," एवढंच म्हणायची. ते ऐकलं की समोरच्याने ओळखावं, आता आपली धडगत नाही.

पोटापाण्यासाठी ती टरलॉकमधल्या एका वकिलाच्या ऑफिसात होती. वकिलाचं नाव आशूर बेन्यामिन. सत्तरी उलटलेला हा असिरियन गृहस्थ दिवसभर काचेच्या पेल्यातून काळा चहा पीत असे आणि पक्षकार फार बोलायला लागला की त्यालाही एक पेला देत असे, म्हणजे तोंड भाजून तो गप्प बसेल. ऑफिसात दोघंच. जमिनींचे खंड, पाण्याचे तंटे, दुधाच्या टँकरने आडवी केलेली कुंपणं, म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं, असली कामं. कागद इदालीना तयार करायची, रडणाऱ्याला समजूत आणि भांडणाऱ्याला दम तीच द्यायची. कोर्टात मात्र बेन्यामिन उभे राहायचे, कारण तेवढं एक काम कायद्याने तिला करता येत नव्हतं.

याच गोष्टीवरून दोघांत एक करार झालेला होता. बेन्यामिनांना आता पुरे झालं होतं. मुलगा सिएटलला दातांचा डॉक्टर, त्याला कुंपणांत रस नाही.

"तू वकील हो," ते तिला म्हणाले. "ही खुर्ची, ही कपाटं, हा चहाचा पेला, सगळं तुझ्या हवाली करतो आणि घरी जाऊन अंजिराच्या झाडाखाली बसतो. संध्याकाळच्या वर्गांना चार वर्षं लागतात ना? चार वर्षं मी कसाही तग धरतो. पाचव्या वर्षी बायको घटस्फोट मागेल."

"मागू देत, साहेब. तो खटला मी चालवीन."

"तिच्या बाजूने चालवशील, ठाऊक आहे मला."

साक्रामेंटोला एक लॉ स्कूल होतं, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी भरणारं. घरापासून दीड-पावणेदोन तास गाडी हाकायची, तिथे बसायचं, परत हाकत यायचं. इदालीनाचा नवरा आर्तुर दुधाचा टँकर चालवतो. तो म्हणाला, "मी तर रोज एवढं जातो, तेही कुणी शिकवत नाही," आणि विषय मिटला. या वर्षी प्रवेश मिळाला तर करार टिकला, नाहीतर बेन्यामिन मोडेस्टोच्या एका मोठ्या कंपनीला ऑफिस विकणार होते. तशी बोलणी त्यांनी लपवून ठेवली नव्हती. त्या मोठ्या कंपनीत इदालीनाला नोकरी मिळाली असती, फोन उचलायची.

आता शिक्षणाचं म्हणाल तर त्याची तिला चटकच होती. दोन मुलगे झाले, धाकटा शाळेत जायला लागला, आणि बाईंनी गावाबाहेरच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. दर सत्राला एक वर्ग, फार तर दोन. इंग्रजी निबंध झाला, अर्थशास्त्र झालं, राज्यशास्त्र झालं. तिथे थांबली असती तर ठीक होतं. पण संध्याकाळ मोकळी असली आणि वर्गात जागा असली की तिला राहवत नसे. फुलांची रचना शिकली. गायींची पारख शिकली, ती तर हिल्मारमध्ये पोरं पाळण्यातच शिकतात. समूहगान शिकली आणि पुढे दोन वर्षं अंघोळ करताना दुसऱ्या आवाजात गात होती. पोर्तुगीज भाषासुद्धा शिकली.

तिची आई ओलिंदाबाई तेर्सेइरा या पोर्तुगीज बेटावरून विसाव्या वर्षी इथे आलेली. ती म्हणाली, "आपल्याच भाषेत पहिला नंबर काढलास. शाब्बास. आता पुढच्या वर्षी चालायचा वर्ग लाव, पायांना वळण लागेल."

"तसा वर्ग आहे, आई. व्यायामात येतो."

"आणि लावलास?"

"लावला."

ओलिंदाबाईंनी छातीवर क्रूस केला. असे वर्ग गोळा करत करत इदालीना एक दिवस राज्य विद्यापीठात गेली आणि चाळिशीच्या पलीकडे तिने पदवी घेतली, तीही मानाची. टोपी घातलेला तिचा फोटो फेस्ताच्या, म्हणजे गावच्या पोर्तुगीजांच्या वार्षिक सणाच्या, हॉलमध्ये लागला, थेट त्या सणाच्या राण्यांच्या फोटोंच्या भिंतीवर. त्या भिंतीवर तिचा आणखी एक फोटो आधीपासून आहे. खरी भानगड त्या फोटोची.

लॉ स्कूलचा अर्ज थेट कॉलेजकडे जात नाही. मध्ये एक संस्था असते. तुम्ही पहिली पदवी घेईपर्यंत जिथे जिथे कॉलेजचे धडे घेतले असतील, तिथे तिथे चिठ्ठी पाठवून ती तुमचे मार्क मागवते आणि सगळ्यांची मिळून स्वतःची एक सरासरी काढते. कम्युनिटी कॉलेज लहान, म्हणून ते सोडून देऊ, असलं तिथे चालत नाही. विद्यापीठातला 'ए' आणि गावाबाहेरच्या शेडवजा इमारतीतला 'ए' दोन्ही एकाच पंगतीला बसतात. इथपर्यंत इदालीनाला काही आक्षेप नव्हता. पण 'एफ'सुद्धा, म्हणजे नापासाची शून्यंसुद्धा, त्याच पंगतीला बसतात.

तिचे पाच होते. एका सत्रातले पाचच्या पाच.

एकोणीस वर्षांची असताना त्याच कम्युनिटी कॉलेजात झालेलं ते प्रकरण. पुढे कॉलेजात परतल्यावर तिथल्या सल्लागारबाईंनीच सांगितलं होतं, की यातले लागतील ते विषय पुन्हा कर, जुने मार्क आम्ही हिशेबात धरणार नाही. तिने तीन विषय पुन्हा केले, तिन्हींत 'ए' घेतला. कॉलेजने शब्द पाळला. विद्यापीठाने तर तिकडचे मार्क पाहिलेही नाहीत, नुसते विषय उतरवून घेतले आणि नवा हिशेब मांडला. तेव्हा ते पाच 'एफ' मेले, पुरले, त्यांच्यावर गवत उगवलं, अशा समजुतीत इदालीना इतकी वर्षं सुखाने नांदत होती.

"थांबा, आधी मला नीट समजू द्या," ती त्या संस्थेच्या नियमांच्या पानाला म्हणाली. पान काही बधलं नाही. विषय पुन्हा केला असला तरी जुना आणि नवा, दोन्ही मार्क धरले जातील. कॉलेजने माफ केलं असलं तरी कागदावर दिसतो आहे तोवर धरला जाईल.

बेन्यामिनांनी चष्मा पुसला आणि तेच पान वाचलं. "नियम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "यात फट नाही. असती तर मी दाखवली असती." मग म्हणाले, "पाच? तुला? तू तर मला शुद्धलेखनाच्या चुका काढून दाखवतेस. काय झालं होतं त्या वर्षी?"

"त्या वर्षी मी राणी होते," इदालीना म्हणाली.

बेन्यामिनांनी टरलॉकमध्ये जन्म काढला होता. त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही. त्यांनी फक्त मान हलवली आणि तिच्यासाठी चहा ओतला.

पवित्र आत्म्याच्या फेस्ताची राणी होणं म्हणजे एका दिवसाचं काम नसतं. आपल्या गावची मिरवणूक, चर्चमध्ये डोक्यावर चांदीचा मुकुट, हे झालंच. पण त्या अख्ख्या मोसमात खोऱ्यातल्या गावोगावच्या फेस्तांना राणीने आपला लवाजमा घेऊन हजेरी लावायची असते, नाहीतर त्या गावची राणी आपल्याकडे येत नाही आणि मग दोन्ही गावं पुढची दहा वर्षं ते विसरत नाहीत. शिवाय झगा. जमिनीवर खोलीभर पसरणारा मखमली झगा, सोन्याच्या कलाबतूने भरलेला, तो तेर्सेइराहून आत्याने भरून पाठवला होता. तो अंगावर घेऊन सरळ चालता यावं म्हणून इदालीनाने जानेवारीपासून गोठ्यामागच्या रस्त्यावर ओलं घोंगडं खांद्याला बांधून सराव केला. गायी बघत उभ्या राहायच्या. सराव, मापं, बैठका, मिरवणुका, यात कॉलेज कुठे बसणार?

"नाव काढून घेऊ का मी वर्गातून?" तिने आईला विचारलं होतं.

"असं तोंडाने कसं काढून घेशील? त्या मास्तरांना काय वाटेल?" ओलिंदाबाई म्हणाल्या होत्या. "मी जाते. रीतीने निरोप घेऊन येते."

आणि त्या खरंच गेल्या. सणाचा गोड पाव केला, भरपूर अंड्यांचा, वर चकाकी आलेला. पांढऱ्या कापडात बांधला आणि अर्थशास्त्राच्या लिंडक्विस्ट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मुलगी राणी झाली आहे, आता पावसाळ्यापर्यंत ती तुमच्याकडे यायची नाही, तुम्ही मात्र आमच्याकडे जेवायला यायचं, असं सांगितलं. सर उंच, लाजाळू, स्वीडिश घरातले. त्यांनी पाव दोन्ही हातांनी घेतला, "फार चांगलं केलंत," म्हणाले, अभिनंदनही केलं. ओलिंदाबाई घरी आल्या आणि सांगितलं, झालं सगळं. बाकीच्या चार मास्तरांनाही असाच एकेक पाव गेला. बेटावर जमीन सोडताना, घरकाम सोडताना, गाव सोडताना असाच निरोप घेतात. समोरच्याने पाव घेतला की मोकळीक मिळाली. याच्यानंतर पुन्हा कुठल्या खिडकीवर जाऊन नाव काढायचा फॉर्म भरायचा असतो, तोही ठरावीक तारखेच्या आत, हे घरातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मार्कांचा कागद आला तेव्हा इदालीनाने तो गोठ्याच्या मागे एकटीने वाचला. आईला सांगितलं नाही. वडिलांना तर सांगणं शक्यच नव्हतं. मुकुट डोक्यावर ठेवला गेला तेव्हा तो रांगडा माणूस पहिल्या बाकावर बसून हमसाहमशी रडला होता आणि त्याला कुणाची लाज वाटली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. इदालीनाला ते वर्ष फार प्रिय होतं. त्यावर तिला कुणाचं बोट नको होतं, स्वतःचंसुद्धा. म्हणून चोवीस वर्षं ती गप्प राहिली. एरवी गप्प राहणं तिला जमत नाही, पण हे जमलं.

आता बेन्यामिन आणि ती कागद घेऊन हिशेबाला बसले. विद्यापीठाच्या मते तिची सरासरी चारपैकी चाराच्या अगदी जवळ होती. त्यात पाच शून्यं ओतली की काय उरतं, ते पाहायला दोघंही बिचकत होते. पण मग कम्युनिटी कॉलेजचे बाकीचे मार्कही ओतायचे होते. फुलांची रचना, 'ए'. गायींची पारख, 'ए'. समूहगान, 'ए'. पोर्तुगीज एक आणि दोन, 'ए' आणि 'ए'. चालण्याचा वर्गसुद्धा. संस्थेला 'एफ' विसरता येत नाही, तसा समूहगानातल्या 'ए'कडे नाक मुरडून पाहताही येत नाही. आकडा खाली घसरत आला आणि साडेतीनच्या जरा अलीकडे येऊन अडला.

"फुलांनी वाचवलं तुला," बेन्यामिन म्हणाले.

"वाचवलं कुठे? त्यांच्याकडे येणाऱ्यांची सरासरी साडेतीनच्या वर असते."

"म्हणजे दारात आहेस. आत नाही, बाहेर नाही. अशा वेळी एक कागद जोडतात, त्या सत्रात काय झालं ते सांगणारा. लिही, की वडील आजारी होते."

"वडील त्या वर्षी ठणठणीत होते. नाचत होते."

"मग लिही, की तू लहान होतीस, चुकलीस, त्या वर्षाचा फार पश्चात्ताप होतो. समित्यांना पश्चात्ताप आवडतो."

हीच तर पंचाईत होती. पश्चात्ताप होत नव्हता. तिने चार वेळा तो कागद लिहायला घेतला आणि चारही वेळा तो खोटा वाटून फाडला. घरात ती भांडी आपटायला लागली. आर्तुर टँकर घेऊन जरा लवकरच निघायला लागला. फेस्ता तोंडावर आला होता, हॉलच्या स्वयंपाकघरात बायका कांदे चिरत होत्या, आणि तिथे ओलिंदाबाईंनी मुलीच्या हातातली सुरी काढून घेतली.

"कांद्यांनी काय केलंय तुझं? सांग काय झालंय ते. आर्तुर?"

"नाही गं. आर्तुरला काय धाड भरलीये."

"मग?"

इदालीनाने सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकलं, मान खाली घालून, कांद्यांकडे बघत. पाच विषय, पाच 'एफ', फॉर्म, चोवीस वर्षं. बाकीच्या बायका एकाएकी मन लावून कांदे चिरायला लागल्या.

ओलिंदाबाई म्हणाल्या, "पण त्यांनी पाव घेतला होता."

"घेतला होता, आई."

"दोन्ही हातांनी घेतला होता. मी पाहिलं ना."

"पावाने चालत नाही तिथे. फॉर्म लागतो."

"म्हणजे मीच तुला नापास केलं." ओलिंदाबाईंनी पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. त्यांना रडताना इदालीनाने दोनदाच पाहिलं होतं, मुकुटाच्या दिवशी आणि वडिलांच्या वेळी. तिला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं जे टाळलं ते शेवटी भर स्वयंपाकघरात, कांद्यांच्या ढिगासमोर झालंच.

पण ओलिंदाबाई फार वेळ रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तो लिंडक्विस्ट उद्या येणार ना जेवायला?"

येणारच होता. तेव्हा दिलेलं आमंत्रण सरांनी इतकं मनावर घेतलं होतं, की गेली चोवीस वर्षं एकही फेस्ता चुकवला नव्हता. निवृत्त झाले, बायको गेली, गुडघे गेले, तरी सोपाशच्या पंगतीला सर हजर. मोठ्या काहिलीतला रस्सा, त्यात भिजलेला पाव, कोबी, वर पुदिना. फुकट, सगळ्या जगाला. दारापासून तिसऱ्या टेबलावर, भिंतीकडेची खुर्ची ही त्यांची जागा. नव्या पोरांना तर ते हॉलचेच कुणीतरी वाटायचे.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. ओलिंदाबाई स्वयंपाकघरातून डाव हातात घेऊनच बाहेर आल्या. इदालीना मागोमाग धावली. "आई, नको. आई, लोक बघतायत."

"बघू देत." त्या सरांसमोर उभ्या राहिल्या. "मास्तर, मी तुम्हाला पाव आणून दिला होता. माझी मुलगी राणी झाली तेव्हा."

"हो तर," सर आनंदाने म्हणाले. "तसा पाव मी पुन्हा कधी खाल्ला नाही."

"खाल्लात आणि तिला नापास केलंत."

सरांचा चमचा वाटीत राहिला. त्यांचे कान लाल झाले, चोवीस वर्षांपूर्वी व्हायचे तसेच. "बाई," ते हळू म्हणाले, "तिच्या सहीचा फॉर्म यायची मी वाट पाहत होतो. तारखेच्या दिवशी तर ऑफिसला फोनही केला. सहीशिवाय मला तिचं नाव काढता येत नव्हतं. आणि मला वाटलं, पाव म्हणजे पाव."

"पाव म्हणजे पाव," ओलिंदाबाईंनी मागे वळून मुलीला सांगितलं, जणू हे तिला माहीत नसावं.

"आता काही बदलता येणार नाही मला," सर म्हणाले. "खरंच येत नाही. मला फार खंत आहे." आणि ते खुर्ची सरकवून उठायला लागले. वाटी अर्धी होती.

ओलिंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. उंच म्हातारा, गुडघे धरून उठणारा. मग त्यांनी डाव वाटीत उपडा केला, त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "बसा. आमच्याकडे जेवण अर्धं टाकून कुणी उठत नाही. तुम्हाला आमची रीत ठाऊक नव्हती आणि मला तुमची. पण पुदिना कमी पडलाय, थांबा, आणते."

सरांनी त्या दिवशी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. कदाचित भीतीनेही असेल.

त्या संध्याकाळी हॉल झाडून झाल्यावर इदालीना राण्यांच्या भिंतीसमोर खुर्ची ओढून बसली आणि एका दमात तो कागद लिहून मोकळी झाली. सकाळी बेन्यामिनांच्या टेबलावर ठेवला. तो असा होता:

"त्या सत्रात मी वर्गात नव्हते, कारण मी आमच्या गावच्या फेस्ताची राणी होते. मी आजारी नव्हते आणि घरी काही संकट नव्हतं. माझ्या आईने प्रत्येक शिक्षकाला स्वतः केलेला पाव नेऊन देऊन माझ्या वतीने निरोप घेतला. आमच्यात निरोप असाच घेतात. नाव काढून घ्यायचा फॉर्म भरावा लागतो हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि ते माहीत करून घेणं माझं काम होतं. फॉर्म न भरल्याचा मला पश्चात्ताप आहे. त्या वर्षाचा नाही. त्यानंतर मी घेतलेला एकही वर्ग अर्धवट सोडलेला नाही, चालण्याचासुद्धा."

बेन्यामिनांनी दोनदा वाचलं. "'त्या वर्षाचा नाही' हे खोड."

"नाही खोडणार."

"मी असलं काही कोर्टात लिहून दिलं नसतं."

"म्हणून तर कालव्याचा खटला हरलात, साहेब."

बेन्यामिन हसले आणि पाकीट त्यांनीच बंद केलं. मोडेस्टोच्या कंपनीचा माणूस त्या आठवड्यात फोनवर होता. त्यांनी त्याला थांबायला सांगितलं, किती ते मात्र सांगितलं नाही. इदालीनाने हे शेजारच्या खोलीतून ऐकलं आणि तिला रात्री झोप लागेना. आपण हट्टाने एक वाक्य ठेवलं आणि त्याच्यापायी सगळं घालवलं, असं तिला वाटायला लागलं. एकदा तर तिने साक्रामेंटोला फोन करून ते वाक्य काढून टाका म्हणून सांगायला नंबरही फिरवला, आणि पलीकडून कुणी उचलायच्या आत ठेवून दिला.

जुलैत तिकडूनच फोन आला. प्रवेश समितीतल्या एक बाई बोलत होत्या. त्यांनी आधी अभिनंदन केलं, मग म्हणाल्या, नियमाने सांगायची गरज नाही, पण तुमच्या अर्जावर आमच्यात भांडण झालं. दोघांना तो आकडा कमी वाटत होता. तेव्हा एकाने तुमची कम्युनिटी कॉलेजची सगळी पानं टेबलावर ओळीने मांडली. कॉलेजात परत आल्यापासून पंधरा वर्षं, नोकरी करून, मुलं वाढवून, एकही वर्ग सोडलेला नाही, एकही अपुरा नाही. ही बाई चार वर्षं संध्याकाळी येईल की नाही, एवढाच आमचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तिथे होतं.

"आणि ते 'एफ'?" इदालीनाने विचारलं. गप्प बसणं पुन्हा जमलं नाही.

"ते मोजले," बाई म्हणाल्या. "मोजावेच लागतात."

बेन्यामिनांनी ही बातमी ऐकली, मोडेस्टोला फोन लावला, आणि तिच्याकडे बघत चार वर्षं हा शब्द इतक्या जोरात उच्चारला, की बाहेर बसलेला पक्षकार आपल्यालाच शिक्षा झाली असं समजून उभा राहिला.

नाव पक्कं करायला ऑगस्टमध्ये साक्रामेंटोला जायचं होतं. ओलिंदाबाई म्हणाल्या, मी येणार. पहाटे उठून त्यांनी पाव केला होता. गाडीत तो मांडीवर घेऊन बसल्या. स्टॉकटन येईपर्यंत इदालीना त्यांना समजावत होती, की आई, तिथे असलं चालत नाही, ते मोठं कॉलेज आहे, प्लीज, पाव गाडीतच राहू दे. ओलिंदाबाई खिडकीतून बदामाच्या बागा बघत होत्या.

ऑफिसच्या खिडकीत एक तरुण मुलगा होता. इदालीनाने सह्या केल्या, ओळखपत्राचा फोटो काढून घेतला. झालं, निघायचं, एवढ्यात ओलिंदाबाई पुढे झाल्या. कापडात बांधलेला पाव त्यांनी काउंटरवर ठेवला, पण त्यावरचा हात उचलला नाही.

"हे नंतर," त्या मुलाला म्हणाल्या. "आधी मला सांग, मध्येच कुणाला शिकणं सोडायचं असेल तर फॉर्म कुठला असतो?"

"आई, मी सोडणार नाहीये."

"तू गप्प बस. मी ह्याला विचारतेय."

मुलगा गोंधळला. त्याने इदालीनाकडे पाहिलं, मग मागच्या खणातून एक कागद काढून दिला. ओलिंदाबाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. सही कुठे करायची, कुठल्या खिडकीवर द्यायचा, कुठल्या तारखेच्या आत, तिन्ही ठिकाणी बोट ठेवून विचारून घेतलं. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला, पर्स बंद केली, आणि पावावरचा हात उचलला.

"आता खा," त्या म्हणाल्या. "हा नुसता पाव आहे."

तो फॉर्म ओलिंदाबाईंच्या फ्रिजवर लावलेला आहे, झगा घातलेल्या राणीच्या फोटोशेजारी. इदालीना आता तिसऱ्या वर्षाला आहे. कधी उशिरा दमून घरी येते, आईकडे पाणी प्यायला थांबते, तेव्हा त्याच्याकडे नजर जाते. तो अजून कोरा आहे.